खात नाही, की खाता येत नाही?

वाचकांचे प्रश्न, पशुवैद्यांची उत्तरं

या वेळच्या टपालात कुत्र्यांचे प्रश्न जास्त आहेत, आणि बहुतेक पत्रांची सुरुवात एकाच वाक्याने होते: ‘आमचा कुत्रा जेवत नाही.’ हे वाक्य एक असलं तरी त्यामागे निदान तीन वेगळ्या गोष्टी असतात. एखाद्याला भूकच नसते. एखाद्याला भूक असते, पण तोंड, दात किंवा घसा साथ देत नाही. आणि एखाद्याला याहून चवदार काहीतरी मिळेल याची खात्री असते. यातलं आपल्या कुत्र्याचं कोणतं, हे घरच्या माणसालाच सगळ्यात आधी कळू शकतं. त्यासाठी ताट समोर ठेवल्यावर कुत्रा नेमकं काय करतो ते दोन मिनिटं शांत बसून बघावं लागतं. खालची उत्तरं वाचताना ही एक गोष्ट डोक्यात असू द्या.

प्रश्न : आमचा लॅब्राडोर चार वर्षांचा आहे, वजन ३२ किलो. एरवी ताट चाटूनपुसून खातो. अखाजीपासून (अक्षय तृतीया) दुपारचं जेवण तसंच पडून राहतं, रात्री थोडंफार खातो. दिवसभर फरशीवर पसरून धापा टाकतो. संध्याकाळी मात्र चेंडूमागे पळतो. काळजीचं आहे का? – एक वाचक, रावेर

उत्तर : संध्याकाळी चेंडूमागे पळतोय, पाणी पीत असेल आणि उलटी-जुलाब नसतील, तर बहुधा हा उन्हाळ्याचा परिणाम आहे. अन्न पचवताना शरीरात उष्णता तयार होते. रावेर-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा आधीच तापलेलं शरीर ती जास्तीची उष्णता टाळायला बघतं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धाप टाकूनच तो अंग थंड करतो. धाप आणि जेवण एकाच वेळी जमत नाही, हेही एक साधं कारण आहे.

दुपारचं जेवण बंदच करा. सकाळी साडेपाच-सहाला, ऊन चढायच्या आत, अर्धं द्या. उरलेलं अर्धं रात्री नऊनंतर, भिंती जरा निवल्यावर. उरलेलं अन्न अर्ध्या तासात उचला. या दिवसांत कालवलेला दहीभात किंवा चिकन तास-दोन तासांत आंबतं, आणि तेच संध्याकाळी खाऊन पोट बिघडतं. मग ‘उन्हाने खात नाही’चं खरोखरचं दुखणं होतं.

बाजारचं कोरडं खाद्य देत असाल तर पोतं कुठे ठेवलंय ते बघा. पत्र्याच्या खोलीत उघडं पडलेलं पोतं असलं की त्यातलं तेल खवट होतं. आपल्याला वास येत नाही, कुत्र्याला लगेच येतो. महिनाभरात संपेल एवढंच आणा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात, घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवा.

पाण्याचा हिशेब किलोमागे रोज साधारण ५० ते ६० मिली, म्हणजे तुमच्या कुत्र्याला एरवी दीड ते दोन लिटर. उन्हाळ्यात याहून बरंच जास्त लागतं. स्टीलचं भांडं उन्हात तापतं, मातीचं भांडं सावलीत ठेवा. मीठ न घातलेलं पातळ ताक वाटीभर चालतं. बसायला ओलं गोणपाट अंथरा, पण अंगावर पांघरू नका. अंगावरचं ओलं कापड थोड्या वेळात कोमट होतं आणि आतली उष्णता कोंडून ठेवतं.

धाप थांबतच नाही, जीभ गडद लाल किंवा जांभळट झाली, चिकट लाळ गळते, चालताना झोक जातो, अशी काही लक्षणं दिसली तर तो उष्माघात आहे. साधं पाणी अंगभर ओता, पोटावर आणि जांघांत जास्त. पंख्यासमोर ठेवा आणि गाडीत घाला. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

प्रश्न : जर्मन शेफर्ड, तीन वर्षं, २८ किलो. पाच दिवसांपासून अन्नाला तोंड लावत नाही. नाक गरम लागलं म्हणून मेडिकलमधून माणसांची तापाची आणि अंगदुखीची गोळी आणून दिली. एक दिवस बरा वाटला, परत तसाच. काल नाकातून थेंबभर रक्त आलं. महिन्यापूर्वी अंगावर गोचीड खूप होत्या, त्या काढल्या. – एक वाचक, रेल्वे क्वार्टर, भुसावळ

उत्तर : हे उत्तर छापून येईपर्यंत थांबण्यासारखी ही गोष्ट नव्हती, म्हणून तुम्हाला आधीच कळवलं आहे. इथे सगळ्यांसाठी सविस्तर लिहितो, कारण खानदेशात कुत्र्याची भूक जाण्यामागे गोचीडताप हे फार मोठं कारण आहे आणि तो ओळखायला उशीर होतो.

कुत्र्यावरची तपकिरी गोचीड चावते तेव्हा तिच्या लाळेतून रक्तात जंतू जातात. त्यातले दोन महत्त्वाचे, एर्लिकिया आणि बबेसिया. एर्लिकिया पांढऱ्या पेशींत घर करतो आणि त्या आजारात प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, कमी होतात. बबेसिया तांबड्या पेशी फोडतो. चावल्यानंतर आजार दिसायला साधारण एक ते तीन आठवडे लागतात. म्हणून ‘गोचीड तर महिन्यापूर्वीच काढल्या’ हे ऐकून आम्ही निर्धास्त होत नाही, उलट सावध होतो.

पहिली खूण बहुतेक वेळा भूक जाणं हीच असते. मग ताप, सुस्ती, डोळ्यांत चिपडं. पुढे नाकातून रक्त, पोटाच्या उघड्या कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, हिरड्या फिकट. बबेसियात लघवी चहासारखी गडद होऊ शकते.

नाकावरून ताप कळत नाही. निरोगी कुत्र्याचं नाकही दुपारी कोरडं आणि गरम असतं. साधा डिजिटल थर्मामीटर घ्या, टोकाला खोबरेल तेल लावा, एकाने कुत्र्याला मानेजवळ धरावं, दुसऱ्याने शेपटी उचलून टोक गुदद्वारात दोन सेंटिमीटर आत घालावं आणि बीप वाजेपर्यंत धरून ठेवावं. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट नेहमीचं. उन्हातून पळून आलेला नसतानाही १०३च्या वर असेल तर ताप आहे. त्या थर्मामीटरवर कुत्र्याचं नाव लिहून तो वेगळा ठेवा.

मग हिरड्या बघा. वरचा ओठ उचला, सुळ्याच्या वरच्या हिरडीवर अंगठा दाबून सोडा. दाबलेली जागा पांढरी होते आणि दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवी. मुळातच हिरडी पांढुरकी असेल किंवा रंग सावकाश परतत असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. काही कुत्र्यांच्या हिरड्या काळ्या असतात, त्यांची खालची पापणी ओढून आतला रंग बघा.

तुम्ही दिलेल्या गोळीबद्दल स्पष्ट सांगणं भाग आहे. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या जठराला व्रण पाडतात आणि मूत्रपिंडं बिघडवतात. पॅरासिटामॉल जास्त झालं की यकृताला मारतं. प्लेटलेट आधीच कमी असताना जठरातून रक्तस्राव सुरू झाला तर कुत्रा हाती लागणं कठीण. ताप एक दिवस उतरला, पण आजार आत चालूच राहिला, आणि तेवढा वेळ वाया गेला.

दवाखान्यात रक्ताची पूर्ण तपासणी करून घ्या. कुत्र्याच्या प्लेटलेट साधारण दोन लाख आणि त्याहून वर असतात. काचपट्टीवर रक्त पसरून जंतू दिसतात का बघतात. पण काचपट्टीत नाही दिसले म्हणजे आजार नाही असं होत नाही, म्हणून किटवरची तपासणी किंवा पीसीआर सुचवतात. एर्लिकियासाठी डॉक्सिसायक्लिन देतात, साधारण चार आठवडे. बबेसियाला वेगळी औषधं लागतात, नुसत्या डॉक्सिसायक्लिनवर तो हटत नाही.

इथे घरोघर दोन चुका होतात. पहिली, गोळी दुधातून देणं. दुधातलं कॅल्शियम हे औषध बांधून टाकतं आणि रक्तात कमी पोचतं. शिवाय गोळी कोरडीच गिळवली आणि ती घशात अडकली तर अन्ननलिकेला जखम होते, मग कुत्रा पुन्हा खात नाही. भाताच्या गोळ्यात किंवा चिकनच्या तुकड्यात घालून द्या आणि मागोमाग पाणी पाजा. दुसरी चूक, दोन-तीन दिवसांत कुत्रा जेवायला लागला म्हणून गोळ्या बंद करणं. एर्लिकिया शरीरात महिनोन्‌महिने गप्प बसू शकतो. नंतर उठतो तेव्हा अस्थिमज्जेपर्यंत पोचलेला असतो आणि त्यातून कुत्रं वाचवणं अवघड जातं. चार आठवडे म्हणजे चार आठवडे, आणि संपल्यावर रक्त पुन्हा तपासा.

आता गोचीड. अंगावर दिसते ती थोडी, बाकीची घरात असते. पोट भरलेली मादी गळून पडते, भिंतीवर चढते आणि फटीत हजारो अंडी घालते. क्वार्टरच्या खिडकीची चौकट, पलंगाचे सांधे, फरशी आणि भिंत जिथे मिळते ती रेघ, पत्र्याखालची लाकडं, सगळीकडे टॉर्च मारून बघा. फटी सिमेंट-पुट्टीने बुजवा, अंथरुणं कडक उन्हात टाका. अंगावरची गोचीड बारीक चिमट्याने कातडीला लागून धरून सरळ ओढा आणि साबणाच्या पाण्यात टाका. बोटांनी चिरडू नका. कुत्र्याच्या अंगावर रॉकेल चोळू नका. गोचीड मारणारी चघळायची गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध वजनानुसार डॉक्टरांकडून घ्या. कुत्र्याला पूर्वी कधी झटके आले असतील तर ते आधी सांगा, त्यावरून गोळी ठरते. आणि एकदा करून भागत नाही: फटीतली अंडी फुटून नवी पिढी वर येते, म्हणून दिलेल्या अंतराने सलग काही महिने द्यावं लागतं.

प्रश्न : शेतातला राखणीचा कुत्रा. ताटाकडे धावत येतो, भाकरीचा तुकडा उचलतो आणि टाकतो. लाळ गळते. रविवारी मटण केलं होतं, हाड अडकलं असेल का? तोंडात हात घालून बघू का? – एक वाचक, चोपडा

उत्तर : हात घालू नका. आधी आठवा, कुत्र्याला रेबीजची लस दिली आहे का, आणि मागच्या दोन-तीन महिन्यांत त्याचं दुसऱ्या कुत्र्याशी, कोल्ह्याशी किंवा मुंगसाशी भांडण झालं होतं का?

रेबीजमध्ये गिळण्याचे स्नायू लुळे पडतात. कुत्रा भांड्यापाशी येतो, तोंड घालतो, गिळता येत नाही. खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, भुंकण्याचा आवाज बदलतो. बघणाऱ्याला हुबेहूब हाड अडकल्यासारखं वाटतं आणि घरचा माणूस प्रेमापोटी घशात हात घालतो. अशी माणसं या आजारात गेली आहेत. लसीचा भरवसा नसेल, आवाज बदलला असेल, कुत्रा अंधारात दडत असेल किंवा कारण नसताना अंगावर येत असेल तर त्याला खोलीत बंद करा आणि डॉक्टरांना तिथे बोलवा. लाळ जखमेवर किंवा ओरखड्यावर लागली असेल तर वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करा. जखमेवर मिरची, हळद, तेल काही लावू नका.

दरवर्षी लस झालेली असेल, आवाज नेहमीचा असेल, पाणी नीट गिळत असेल, तर मग तोंडाचं दुखणं. हाडाचा तुकडा टाळूवर, वरच्या दाढांच्या दोन ओळींच्या मध्ये आडवा बसतो. कुत्रा पंजाने तोंड खाजवत राहतो. शिजवलेलं हाड उभं चिरतं आणि टोकदार होतं, म्हणून शिजवलेलं हाड देऊच नये, कोंबडीचं तर मुळीच नाही. तुटलेला सुळा, दाढेवर चढलेला पिवळा-तपकिरी थर, हिरडीत घुसलेलं कुसळ, हीही कारणं असतात. अशा कुत्र्याला भूक असते. भाकरी टाकतो, पण तीच कोमट पाण्यात कुस्करून पेजेसारखी दिली तर चाटतो. ही खूण डॉक्टरांना आवर्जून सांगा. भूल देऊन तोंड नीट तपासलं की बहुतेक वेळा कारण सापडतं.

याच्याशी जवळचा आणखी एक धोका शेतावर असतो. दाणे काढलेलं मक्याचं कणीस आणि उन्हाळ्यात आंब्याची कोय. कुत्रा अख्खं गिळतो, ते पोटात दिवसेंदिवस पडून राहतं आणि मग आतड्यात अडकतं. जेवण बंद, पाणी प्यायलं तरी उलटी, शौचाला काही नाही. हे औषधाने निघत नाही, शस्त्रक्रियाच लागते. मळणीनंतर कणसांचा ढीग कुत्र्याच्या आवाक्यात ठेवू नका.

प्रश्न : आमची पॉमेरियन दोन वर्षांची, पाच किलो. पोळी, भात, बाजारचं खाद्य काहीच खात नाही. शेव घातली तरच पोळीला तोंड लावते. चहाबरोबर बिस्किटं खाते, सात-आठ. बाकी एकदम तरतरीत. भूक वाढवायचं टॉनिक सांगा. – एक गृहिणी, जळगाव

उत्तर : ताई, तिची भूक चांगली आहे, फक्त ती बिस्किटांनी भागते. हिशेब मांडून बघू. पाच किलोच्या घरात राहणाऱ्या कुत्रीला दिवसाला साधारण ३५० कॅलरी पुरतात. एक साधं ग्लुकोज बिस्कीट वीस ते पंचवीस कॅलरीचं. आठ बिस्किटं म्हणजे दोनशेच्या आसपास, निम्म्याहून जास्त दिवस चहापाशीच संपला. वरून मूठभर शेव, म्हणजे तेल, मीठ आणि तिखट. मग भात-पोळीला जागाच उरत नाही. टॉनिकने यात काही बदलणार नाही.

ती तरतरीत आहे, वजन टिकून आहे, म्हणून हे करता येईल. सकाळी आणि रात्री, ठरलेल्या वेळी ताट ठेवा. १५-२० मिनिटं थांबा, मग काही न बोलता उचला. मधल्या वेळात काहीही नाही, पाणी मात्र कायम. हाताने भरवणं, मागे-मागे फिरणं, ‘खा ना गं’ म्हणणं हे सगळं तिच्यासाठी बक्षीस आहे. अडचण बहुतेक घरातल्या आजी-आजोबांची आणि मुलांची असते. एक जण जरी ओट्यामागून बिस्कीट देत राहिला तरी हे चालत नाही, म्हणून घरातल्या सगळ्यांना आधी बसवून सांगा.

नवीन खाद्य एकदम बदलू नका. पहिले दोन दिवस पाव भाग नवं आणि बाकी जुनं, मग निम्मं-निम्मं, मग पाऊण नवं, आठवडाभरात पूर्ण. खाद्यावर दोन चमचे कोमट पाणी घाला, वास मोकळा होतो. कुत्रा चवीपेक्षा वासाने जेवतो. खाऊ द्यायचाच तर दिवसाच्या एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त नको. केळ्याच्या दोन पातळ चकत्या चालतात, ते तर जळगावात घरचंच. द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण, चॉकलेट यांपैकी काहीही नको. कांदा-लसणाचा रस्सा पोळीवर ओतणंही त्यातच आलं.

इतक्या लहान चणीच्या कुत्रीला सलग २४ तासांहून जास्त उपाशी ठेवू नका. ती मलूल झाली किंवा उलटी झाली तर हा हट्ट समजून बसू नका, दाखवा.

प्रश्न : दोन महिन्यांचं गावठी पिल्लू आणलं. काल सकाळपासून दूध पीत नाही, चार उलट्या, आता पातळ जुलाब, रक्ताचा उग्र वास. लस नाही झालेली. एक दिवस उपाशी ठेवून बघू का? – एक विद्यार्थी, शहादा

उत्तर : नाही. एक दिवस पोटाला विश्रांती देण्याचा उपाय फक्त मोठ्या, एरवी ठणठणीत कुत्र्यासाठी आहे. पिल्लाच्या अंगात साखरेचा साठा फारसा नसतो. काही तास पोट रिकामं राहिलं तरी ते गार पडतं. तुम्ही सांगितलेली लक्षणं पार्वो या विषाणूच्या आजाराची आहेत. आता दवाखान्यात नेणं हाच उपाय: सलाईन, उलटी थांबवणारं औषध, प्रतिजैविकं. वेळेत आणलेली बरीच पिल्लं वाचतात, घरी ठेवलेली बहुतेक दगावतात. वाटेत पिल्लू कापडात गुंडाळून उबेत ठेवा. अगदी गळून गेलं असेल तर साखरेचं घट्ट पाणी बोटाने हिरड्यांना चोळा, घशात ओतू नका.

घरी आल्यावर जागा स्वच्छ करायची. फिनेलने पार्वो मरत नाही, हे लक्षात ठेवा. आधी घाण साबणाच्या पाण्याने पूर्ण काढा, मग कपड्यांचं ब्लीच एक भाग आणि पाणी तीस भाग असं करून फरशी दहा मिनिटं ओली ठेवा. मातीच्या अंगणात हा विषाणू महिनोन्‌महिने टिकतो, तिथे पुढचं पिल्लू लस पूर्ण झाल्यावरच सोडा. लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करतात, आणि दर तीन-चार आठवड्यांनी सोळाव्या आठवड्यापर्यंत. एका टोच्यावर थांबू नका.

प्रश्न : सात वर्षांची कुत्री, नसबंदी केलेली नाही. महिना-दीड महिन्यापूर्वी माजावर आली होती. आता जेवण सोडलंय, पाणी मात्र घटाघटा पिते. शेपटीखाली चिकट दिसतं. – एक वाचक, अमळनेर

उत्तर : गर्भाशयात पू झाल्याची शंका घ्या. माजानंतर चार ते आठ आठवड्यांत, वयस्क कुत्रीत, भूक गेलेली आणि तहान वाढलेली हे चित्र ठरलेलं आहे. बाहेर काही वाहत नसेल तरी धोका कमी नसतो, उलट गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर ते आतच फुटू शकतं. आजच सोनोग्राफीची सोय असलेल्या दवाखान्यात न्या. गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया लागते, आणि उद्यावर ढकलली तर तिचा जीव जाऊ शकतो.

प्रश्न : गोचीड फार झाल्या म्हणून कपाशीवर मारायचं औषध पाण्यात मिसळून कुत्र्याला अंघोळ घातली. संध्याकाळपासून जेवत नाही, तोंडातून फेस, अंग थरथरतं. – एक शेतकरी, शिरपूर

उत्तर : भाऊ, ही विषबाधा आहे. कपाशीवरची बरीच औषधं मज्जातंतूंवर काम करतात आणि कातडीतून तसंच चाटण्यातून अंगात जातात. हातात प्लास्टिकचे मोजे घाला, भांड्याच्या साबणाने आणि भरपूर पाण्याने कुत्र्याला दोनदा धुवा, आणि औषधाची बाटली लेबलसकट बरोबर घेऊन दवाखान्यात जा. लेबलवरचं नाव पाहूनच उतारा ठरतो. काही औषधांवर अ‍ॅट्रोपिन लागतं, काहींवर त्याचा उपयोग नाही. दूध-तूप पाजू नका. तूप-तेलाने काही विषं उलट लवकर शोषली जातात, आणि थरथरणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात ओतलेलं दूध फुप्फुसात जातं.

उंदराच्या औषधाबद्दलही इथेच सांगतो. झिंक फॉस्फाइड, म्हणजे ती काळपट भुकटी, कुत्र्याने खाल्ली तर त्याला ‘पोट भरलं की विष उतरेल’ म्हणून भाकरी घालू नका. अन्नाने जठरात आम्ल सुटतं आणि त्या आम्लातूनच विषारी वायू तयार होतो. उपाशीच न्या, गाडीच्या काचा उघड्या ठेवा. उंदराच्या वड्या खाल्ल्या असतील तर कुत्रा दोन-तीन दिवस चांगला दिसतो आणि मग रक्तस्राव सुरू होतो, तेव्हा खाल्ल्याचं कळताच जा.

प्रश्न : मोठ्या कुत्र्याने जेवण सोडलं तर किती वेळ वाट बघायची? – अनेक वाचक

उत्तर : फक्त जेवण सोडलंय, पाणी पितोय, वावर नेहमीचा, ताप नाही, हिरड्या गुलाबी, तर एक दिवस थांबायला हरकत नाही. लसीनंतरची मरगळ, पाहुण्यांची गर्दी, घर बदलणं, मालक गावाला जाणं, भादव्यात गल्लीत कुत्री माजावर असणं, अशा कारणांनी एखादं जेवण राहतं. दुसऱ्या दिवशीही नाही तर दाखवा. उलटी किंवा जुलाब सोबत असतील, पोट फुगून टणक लागत असेल, हिरडी फिकट किंवा पिवळी असेल, लघवी गडद असेल, कुत्रा पुढचे पाय खाली टेकवून मागचा भाग वर धरून ताणत असेल, तर वाट बघायचीच नाही. ही शेवटची खूण पोटदुखीची आहे. सणाच्या जेवणानंतर तूप-मटण खाल्लेल्या कुत्र्यांत ती बऱ्याचदा स्वादुपिंडाच्या सुजेने येते.

आजारातून उठताना पहिलं अन्न साधं द्या: मऊ शिजवलेला भात दोन वाट्या, हाड नसलेलं उकडलेलं चिकन एक वाटी, मीठ-मसाला-फोडणी काही नाही. कोमट करून दिवसातून चार-पाच वेळा थोडं-थोडं. तीन-चार दिवसांनी नेहमीच्या खाण्यावर या, नुसत्या भात-चिकनवर महिने काढू नका, त्यात पुरेसं कॅल्शियम नाही. न खाणाऱ्याच्या तोंडात सिरिंजने जबरदस्ती करू नका. अन्न श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो, शिवाय त्या अन्नाचाच त्याला तिटकारा बसतो.

प्रश्न : तेरा वर्षांचा कुत्रा, १८ किलो. दोन महिन्यांत वाळत चाललाय. ताटाशी येतो, वास घेतो, तोंड फिरवतो. पाणी खूप पितो, तोंडाला घाण वास. लोक म्हणतात म्हातारपण आहे, सोडून द्या. – एक निवृत्त शिक्षक, धुळे

उत्तर : सर, म्हातारपणाने भूक थोडी कमी होते, पण वास घेऊन तोंड फिरवणं म्हणजे बहुधा मळमळ. वाढलेली तहान, वजन घटणं आणि तोंडाचा वास यावरून मूत्रपिंडांची शंका येते. मधुमेह आणि यकृतही तपासून घ्यावं लागेल. मूत्रपिंडांचा आजार पूर्ण बरा होत नाही, पण मळमळीचं औषध, सलाईन आणि ठरवून दिलेला आहार यांवर पुष्कळ कुत्री बराच काळ चांगली जगतात. सोडून देण्याचा विचार तपासणीनंतर, त्याच्या आधी नको.

अन्न थोडं गरम करा, अंगाइतकं कोमट, बोट घातल्यावर चटका बसू नये. भांडं पाटावर ठेवून छातीच्या उंचीला आणा, मान वाकवताना दुखत असेल तर त्यालाही बरं पडतं. दोन जेवणांऐवजी चार लहान जेवणं द्या. मीठ घातलेला रस्सा देऊ नका.

दवाखान्यात जाण्याआधी एक मोजमाप करा. सकाळी भांड्यात मोजून दोन लिटर पाणी भरा, इतर भांडी आणि हौद झाका, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी किती उरलं ते मोजा. किलोमागे १०० मिलीहून जास्त, म्हणजे तुमच्या कुत्र्याने १.८ लिटरहून जास्त प्यायलं असेल तर तो आकडा डॉक्टरांना लिहून द्या. तपासणीच्या दिवशी सकाळची पहिली लघवी पसरट वाटीत धरून स्वच्छ कोरड्या बाटलीत घ्या आणि दोन तासांच्या आत पोचवा. रात्रभर थांबल्यानंतरच्या त्या पहिल्या लघवीतून मूत्रपिंडं ती किती घट्ट करू शकतात हे कळतं, आणि रक्ताच्या तपासणीच्या बरोबरीने डॉक्टर तेच आधी बघतील.